मागे शिरलेली ज्योत

सिन्नरच्या एमआयडीसीत नवनाथशेठचा बर्नर बनवायचा कारखाना होता. त्यांच्या बर्नरात जाळीदार सिरॅमिकच्या छिद्रांत ज्योत जळायची आणि ठोकळा निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. तिथल्या इंजिनीयर चैताली पगारेने गॅसमध्ये तीस टक्के हायड्रोजन मिसळून पाहिला. एरवी हवा वाढली की विझणारी ज्योत आता जागची हलेना.

शेठना एवढं यश झेपलं नाही. येवल्याच्या उज्वलाताई कांदा वाळवायच्या कारखान्यासाठी बर्नर बघायला येणार होत्या. शेठ म्हणाले, "तीस कशाला? सत्तर करा. बॅनरवर सत्तर छापलंय."

बॅनर छापून झाल्यावर विज्ञानाने काय बोलायचं? तरी चैताली बोलली. "सर, हायड्रोजन फार वेगाने जळतो. सत्तरला ज्योत छिद्रांतून उलटी पाइपात शिरेल."

"निगेटिव्ह बोलू नका. आणि मागचा तो व्हॉल्व्ह काढा, फोटोत वाईट दिसतो."

पाइप तापला की गॅस आपोआप बंद करणारा तो व्हॉल्व्ह. चैताली "हो सर" म्हणाली आणि त्याच्यापुढे झेंडूची कुंडी ठेवून दिली.

उज्वलाताई आल्या. बर्नर सत्तरवर पेटला, शेठ पृथ्वी वाचवण्यावर बोलू लागले. ब्लोअरच्या आवाजात एवढे थोर विचार वाया जायला लागले, म्हणून त्यांनी स्वतःच हवा-गॅसचा नॉब मागे फिरवला. चैताली "सर, नको" म्हणेपर्यंत प्रवाह मंदावला आणि ज्योत मागे शिरली. फट्ट. पाइप थरथरला, कुंडी आडवी झाली, व्हॉल्व्ह मिटला.

"ही आमची सुरक्षा यंत्रणा," शेठ कोटावरची माती झटकत म्हणाले. "मुद्दाम दाखवली."

उज्वलाताई चैतालीकडे वळल्या. "खरं काय झालं गं?"

शेठ डोळे वटारून बघत होते. चैताली त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "ज्योत मागे आली. या बर्नरला सत्तर झेपत नाही, तीस झेपतं. दाखवू?"

"दाखव."

तिने पाइपातून नुसती हवा सोडली, सगळं थंड होऊ दिलं, तपासलं आणि तीसवर पेटवलं. उज्वलाताईंनी नॉब कमीजास्त करायला लावला. ज्योत ढिम्म.

"मला हाच द्या. व्हॉल्व्हसकट," त्या म्हणाल्या. "बसवायला ही येईल. भाषण नको."

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर शेठ गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, असं काही होणार असेल तर आधी सांगत जा."

"येवल्याला कधी जाऊ, सर?" चैतालीने विचारलं.