घाम गाळणारा दगड

"आला, आला! घाम आला!" पुढचा ओरडला, तशी मागची माणसं टाचा उंचावत एकमेकांच्या अंगावर पडली. त्या कोंदट पत्र्याच्या खोलीत टेबलावर ओल्या फडक्यावर ठेवलेल्या काळ्या दगडावर तांबूस थेंब फुटत होते. नभोबाबा चमच्याने ते पाण्याच्या पेल्यात सोडत होते. "आकाशानं तुमच्यासाठी गाळलेलं रक्त आहे हे! सुया कसल्या टोचून घेता? हे प्या, साखर पळते!" पळून कुठे जाते, ते बाबांनी सांगितलं नाही.

धाकटी संग्रहालयात खनिजांचं दालन सांभाळायची. ती आली होती त्या गर्दीतल्या थोरल्या बहिणीला, ताईला न्यायला. ताईनं इन्सुलिन सोडलं होतं आणि पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती.

"ताई, दगड खरा आहे. लोखंडाची उल्काच आहे ती."

"बघ! आकाशातून पडलाय हे तूच कबूल करतेस."

"पडला म्हणून औषध झाला का गं?"

बाबांनी दगडाची घासलेली बाजू वर धरली. आडव्यातिडव्या रेघा चमकल्या. "ही देवाची लिपी! वाचा की, शिकलेल्या बाई!"

"कामासाइट आणि टीनाइट. लोखंड आणि निकेलची दोन खनिजं. लाखो वर्षं थंड होताना एकमेकांत वाढलेली. कुणी काही लिहिलेलं नाही."

लोक हसले. कुणाला, ते तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं संग्रहालयातून समुद्रात बुडालेल्या जहाजाचा एक लोखंडी खिळा आणला. तो नेहमी कोरड्या, बंद पेटीत असे. सगळ्यांसमोर तिनं तो त्याच ओल्या फडक्यावर ठेवला. एवढ्या डोळ्यांपुढे बाबांना नाही म्हणता येईना. संध्याकाळपर्यंत खिळ्यावरही तसेच तांबूस थेंब आले.

"अरे, पण खिळा कुठे आकाशातून पडलाय?" एक म्हातारा पुटपुटला.

"मिठाचा अंश लोखंडात मुरला की दमट हवेत ते असंच पाझरतं आणि आतून गंजत जातं," धाकटी म्हणाली. "आता टेबलाखालची बादली चाखून बघा. दगड रोज तिच्यात बुडवतात, काल मी पाहिलं."

म्हाताऱ्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट आहे!"

"याला आम्ही दगडाचा रोग म्हणतो. आजारी दगडाकडून बरे व्हायला निघालात तुम्ही!"

बाबा दगड गुंडाळून मागच्या दारानं सटकले. दानपेटी तेवढी विसरले नाहीत. "बाईनं चांगला चाललेला देव घालवला," असंही दोघंतिघं म्हणालेच.

त्याच रात्री ताईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय घोट्याच्या वरून कापला. शुद्धीवर आल्यावर पांघरूण चाचपत ती म्हणाली, "आधी का नाही आलीस गं?"

"आले होते, ताई."

धाकटीनं तिचं पांघरूण सारखं केलं. राग बाबावर होता, आणि पेला हातात घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येक शहाण्यावरही होता. दगड आजारी पडला तर त्याला कोरड्या पेटीत ठेवायची अक्कल माणसाला आली आहे. मग घरचं माणूस आजारी पडलं तर त्याला डॉक्टरकडे न्या, औषध तोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवायला लागला, तर हात जोडण्याआधी जरा वाका आणि टेबलाखाली बघा.