घोड्याच्या केसांची टोपी

अवधूतचं पहिलं कीर्तन रविवारी संध्याकाळी होतं, आणि शनिवारी सकाळी तो लांबोळक्या कोबीच्या पानापानाला तिखट फासत बसला होता.

हा सगळा श्वेताचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, उपद्व्याप. बेंगळुरूजवळच्या होसकोटेच्या एका कारखान्यात आलेल्या कोरियन माणसांच्या घरच्या बायका एक हॉल घेऊन हौशी लोकांना किमची करायला शिकवतात, आपला पोशाखही घालायला देतात, असं तिच्या कानावर आलं होतं. "उद्याच्या धास्तीनं घरातली फरशी झिजवतोयस त्यापेक्षा चल," ती म्हणाली होती. "बाबांनाही नेऊ. इलेक्ट्रॉनिक सिटीत येऊन त्यांनी बघितलंय काय? आपली बाल्कनी आणि समोरच्यांची बाल्कनी."

बाबा म्हणजे नरसिंहराव. मिरजेकडे उभी हयात त्यांनी नारदांच्या गादीवर उभं राहून कीर्तनं केली. त्यांचा आवाज ज्यानं ऐकला त्याचे कान धन्य. मग घशाचं ऑपरेशन झालं, गाणं गेलं, उरली ती घोगरी कुजबुज. बेंगळुरूतल्या मराठी मंडळींनी "आता मुलाला उभं करा" असा आग्रह धरला आणि अवधूत हो म्हणाला. पदं पाठ होती, आख्यान बसलं होतं. गाडं अडलं होतं पगडीपाशी. येताना बाबांनी आपली पगडी, अंगरखा, उपरणं आणलं आणि एक शब्द न बोलता त्याच्या कपाटात ठेवलं. अवधूतही एक शब्द न बोलता त्याच कपाटातून रोज टी-शर्ट काढून ऑफिसला जात होता.

"ऑफिसची गँग येणारे ऐकायला," तो श्वेताजवळ कुरकुरला होता. "पगडीत बघितलं की फॅन्सी ड्रेस म्हणून वर्षभर पिडतील. झब्बा बरा."

"मग बाबांना सांग तसं."

ते सांगणं तेवढं राहिलं होतं.

शिकवणाऱ्या चोईबाई चांगल्या सत्तरीच्या. भाजीवाल्यांकडून उचललेलं मोडकं कन्नड आणि तितकंच मोडकं इंग्रजी यावर त्यांचा कारभार चाले. सगळे त्यांना चोई अज्जी म्हणत. मिठात मुरून मऊ पडलेला कोबी त्या अशा उचलत, की जणू न्हाऊ घातलेलं तान्हं बाळ. नरसिंहरावांनी लाल तिखटाचा लगदा पानावर थापला तशी अज्जीनं पळी वाजवली. "स्वल्प! स्वल्प!"

"माझी आई अशीच ओरडायची," बाबा खूश होऊन कुजबुजले. मग त्यांनी लगदा हुंगला, आणि हात मागे घेतला. "लसूण आहे रे. चातुर्मास चाललाय."

"बाबा, प्लीज, इथे तरी..." अवधूतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण अज्जीनं ओळखलं. "नो गार्लिक? टेंपल?" तिचा चेहरा उजळला. तिच्या देशातल्या मठांतले भिक्षूही कांदा-लसूण खात नाहीत, त्यांच्यासाठी तिची आई वेगळं भांडं करायची, हे तिनं हातवाऱ्यांनी सांगितलं आणि तिथल्या तिथे आलं, नासपती आणि तिखट कुटून बाबांपुरतं वेगळं वाटण केलं. कुठला कोण म्हातारा, पण त्याचं व्रत तिनं आपलं मानलं. बाबांनी पान तोंडात टाकलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी पुन्हा वाडगा पुढे केला.

मग पोशाख. श्वेताला छातीपासून फुलत गेलेला गुलाबी घागरा चढवला. "माझं डोहाळजेवण आहे का रे?" तिनं गिरकी घेतली. अवधूतला निळा पायघोळ झगा आणि वर ती काळी, रुंद काठांची टोपी. त्यानं ती तिरकी बसवली, मिशीला पीळ दिल्याची ॲक्टिंग केली आणि ओरडला, "श्वेता, काढ लवकर! ऑफिसच्या ग्रुपवर टाकू."

बाबांची पाळी आली. झगा चढवून त्यांनी टोपी दोन्ही हातांत घेतली आणि उजेडाकडे धरली. घोड्याच्या केसांचं विणकाम, इतकं बारीक की पलीकडची खिडकी दिसत होती. "कुणी विणलं असेल हे!" ते पुटपुटले. आणि गादीवर उभं राहण्याआधी पगडी जशी ते कपाळाला लावत, अगदी तशी ती परकी टोपी त्यांनी डोळे मिटून कपाळाला लावली, मग डोक्यावर ठेवली. झग्याची चुणी सारखी केली. पाठ ताठ झाली.

चोई अज्जी हातातलं काम टाकून आली. हनुवटीखालची फीत तिनं स्वतः बांधली. "एव्हरीबडी फनी हॅट, फनी हॅट," ती म्हणाली. "माय ग्रँडफादर, लाइक धिस." आणि तिनं कपाळाकडे बोट नेलं. मग तिनं आपल्यासारखे हात जोडले. बाबा तिच्यासारखे कमरेत वाकले.

हॉलमधल्या पोरापोरींपैकी कुणी हसलं नाही. एकानं तर आपली टोपी हळूच नीट केली.

अवधूतनं डोक्यावरची टोपी उतरवली आणि दोन्ही हातांनी अज्जीला परत दिली. फोटो कुठेच टाकला नाही.

परतताना कॅबमध्ये किमचीचा वास भरला. "एनु सार, उप्पिनकायी?" ड्रायव्हरनं आरशातून लोणच्याची चौकशी केली. श्वेता पुढे वाकून त्याला कोरिया समजावत बसली, तेवढ्यात अवधूतनं घसा साफ केला.

"बाबा, उद्या पगडी तुम्ही घालाल माझ्या डोक्यावर?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. "सैल होईल तुला," ते कुजबुजले. "डोकं आईसारखं लहान आहे तुझं."

"मग?"

"आतून पट्टी शिवलीय मी. आलो त्याच दिवशी."