बाविसाव्या मजल्याची चिठ्ठी

एका परदेशी कंपनीने सामान्य माणसांना अवकाशात न्यायचं ठरवलं. दहा मिनिटं वर, मग खाली. मी फोनवरून अर्ज केला आणि पहिल्या फेरीत पास झालो. त्या फेरीत फक्त वय विचारत होते, हे मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या मंडळाला फ्लेक्स लावायला कारण लागत नाही, फोटो पुरतो. दुसऱ्या दिवशी दहिसरच्या नाक्यावर मी हेल्मेट घालून उभा. हेल्मेट कॉम्प्युटरने चिकटवलेलं, मिशी माझी. खाली अक्षरं: 'चाळीचा पहिला अंतराळवीर, केतन साळवी.' मीही त्याच्याखालून मुद्दाम हळूहळू जायचो. असला मी भिकारडा माणूस.

अडचण एकच. मला उंचीची भीती वाटते. आमची चाळ बैठी, म्हणून जन्मभर झाकून राहिलं. फक्त बायकोला, श्रुतिकाला ठाऊक. सासुरवाडी चौथ्या मजल्यावर, तिथल्या गॅलरीत मी कधी गेलोच नाही.

चाळ पाडून टॉवर झाला आणि मजल्यांची सोडत निघाली. मंडपात स्टीलच्या डब्यातून मी चिठ्ठी काढली. बाविसावा.

टाळ्या पडल्या. सेक्रेटरी भाऊराव माइकवर म्हणाले, "बघा, नशीबपण याला वरच पाठवतंय!"

शेजारच्या शांताबाईंना दुसरा मजला लागला होता. त्या कुरकुरत होत्या, "माका नको गो. गटाराचे डास सगळे माझ्याच घरात येतले."

अदलाबदल त्याच बैठकीत करायची, नंतर नाही. मी उठलो. "भाऊराव, मला शांताबाईंचा मजला द्या."

"कारण सांग. वरच्या मजल्याला भाव जास्त, मागाहून भांडणं होतात."

"लिफ्ट बंद पडली तर?"

मागून मंडळाचा हर्षद ओरडला, "आणि रॉकेट बंद पडलं तर काय करशील रे?"

मंडप खदखदून हसला. खाली बसलो असतो तर शान राहिली असती, आणि उरलेलं आयुष्य खिडक्या बंद करून काढलं असतं. मी माइक हिसकावला.

"मला चक्कर येते! स्टुलावर चढलो तरी पाय लटपटतात. झालं समाधान?"

"मग अवकाशात कसा जाणार होतास?" हर्षदने विचारलं.

"डोळे मिटून! आणि जाणार कोण होतं? जाणारे पैसेवाले आधीच ठरलेले असतात. आपल्याकडून अर्ज भरून घेतात, म्हणजे सगळ्यांना संधी दिली असं छाती फुगवून सांगता येतं. आणि मी मूर्ख, स्वतःच्याच फोटोला भुललो."

शांताबाईंनी माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, आपली दिली. "हयसर दी. माका नाय येत चक्कर."

सुटलो म्हणतोय तोच श्रुतिका उठली. "मला कुणी विचारलं? चिठ्ठी निघाली तेव्हाच मी मनात वरचे पडदेसुद्धा ठरवले. खाडी दिसते तिथून."

"घरी बोलू गं."

"घरी काय बोलू? सगळं ठरवून मोकळा झालास ना!"

शांताबाईंनी तिचा हात धरला. "तू रोज चायक वर ये गो. ह्येका रवांदे खाली."

आता रोज दुपारी ती वर जाते आणि मला फोन लावते. "ये ना, झकास दिसतंय."

"तूच सांग काय दिसतं ते," मी म्हणतो.

ती सांगते. मी फरशीवर मांडी घालून ऐकतो.