पुढची टोळी

रंगूने सायकलच्या मागे बांधलेली ऐनाची फांदी मंगळू मुकादमाने हिसकून तोडली आणि तीच त्याच्या पाठीत हाणली. फांदी जमिनीला घासत, तिच्या ओढीने वेग आवरत घाट उतरायचा, ही मागच्या टोळीची रीत. पुढच्या टोळीत यायची हौस असेल तर तशी सायकल मारायची, असे त्याने बजावले आणि वर आणखी एक फटका दिला.

संस्थान विलीन होऊन पाच वर्षे झाली होती. राजा गेला, गवताचा ठेकेदार मात्र जागच्या जागी होता. त्याच्या सात सायकली. मंगळू, तुका आणि भिका ही पुढची टोळी. कुठे गवत कापणाऱ्यांनी काम बंद करून विळे खाली ठेवले की हे तिघे सुसाट उतरायचे आणि लोकांना सुगावा लागायच्या आत हाडे मोडायचे. मागची टोळी सावकाश यायची आणि उरलेल्यांना पुन्हा कामाला लावायची.

रंगूची जागा मागे, हे आंधळ्यालाही दिसले असते. दोन महिन्यांपूर्वी त्याला सायकल शिकवली ती तुकाने, आणि तुकानेच त्याला बाजूला घेतले.

"तुझा हात अजून बसला नाय. मागच्या टोळीत रघूसंगं ये."

रंगूने ऐकले नाही. आज साखरशेतवर जायचे होते आणि तिथे विळा खाली ठेवणाऱ्यांत त्याचा थोरला भाऊ सुकऱ्या सर्वांत पुढे होता. मागून गेले तर हाडे मोडून पडलेल्या त्याला उचलायलाच जायचे. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते.

पहिल्याच वळणावर ब्रेकचे रबर जळून गेले. रंगूने पाय टेकले, तळव्यांची साल निघाली, वेग काही कमी होईना. तो मंगळूलाही बराच मागे टाकून गेला तेव्हा मुकादमाला मोठी मौज वाटली. उताराच्या शेवटी, साखरशेतच्या माळावर, एका दगडावर त्याची नडगी फुटली आणि तो सायकलसकट गवतात फेकला गेला.

कापणाऱ्यांतले दोघे कोयते घेऊन त्याच्यावर धावले. सुकऱ्याने त्यांना अडवले.

"दादा, पळा. तिघं येतात मागून," रंगू ओरडला.

सुकऱ्याने हात केला. बायापोरे, म्हातारी माणसे, सगळी रानात शिरली. तो स्वतः थांबला.

"तू पण जा," रंगू म्हणाला.

"आणि तू असा मार न खाता सापडल्यावर ते तुला सोडतील? तूच आम्हाला पळवलंस म्हणतील."

रंगूला उमगले. त्याने आपणहून डावा हात पुढे केला. सुकऱ्याने रंगूच्याच सायकलला बांधलेली सळई सोडली. पहिल्या घावात हाड मोडले, दुसऱ्यात खांदा गेला. एवढ्यावर कुणाचाही विश्वास बसला असता.

"बास, दादा."

सुकऱ्याने ते ऐकले, पण हात आवरला नाही. बरगड्यांवर, तोंडावर, पुन्हा त्याच मोडलेल्या हातावर सळई पडत राहिली. रंगूला जिवाची भीती वाटली, आणि भावाची भीती वाटली याची लाज त्याहून जास्त.

"जामसरला तुमच्या लोकांनी गवत कापणाऱ्या भागीच्या नवऱ्याचा हात तोडला, तवा कुठं होतास?"

रंगू तिथेच होता, मागच्या टोळीत. त्या माणसाच्या चांगल्या हातात विळा देऊन त्याला गवतात उभे केले होते ते रंगूनेच. मारणारे आपण नव्हे, एवढ्यावर तो महिनाभर सुखाने झोपला होता.

वरून सायकलींची खडखड ऐकू आली. सुकऱ्याने सळई टाकली. क्षणभर तो वाकला, रंगूच्या तोंडातले गवत बोटाने काढले आणि रानात निघून गेला.

तुकाने येऊन त्याचे डोके मांडीवर घेतले. मोकळ्या माळाकडे बघत मंगळूने विचारले, किती जण होते.

"लय होते," रंगू म्हणाला.