उठून बाहेर जाणारे

त्या रविवारी बाबा मंगला गौरी मोहल्ल्यातल्या आमच्या घरात, खिडकीपाशी उन्हात, नव्या वकिलांचे अर्ज वाचत बसले होते. ते बनारसच्या कचेरीत वकिली करत. शिवाय, वकिलीची सनद कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या समितीवर होते. त्यासाठी दर महिन्याला इलाहाबादला जात. पुढच्या बैठकीत माझाही अर्ज होता. तेवढा एक त्यांनी उघडलाच नव्हता.

"तुझं नाव पुकारलं की मी उठून बाहेर जाणार," ते म्हणाले.

"बाहेर जाऊन काय करणार?"

"चहा पिणार. तिथला चहा भिकार असतो, पण वेळ जातो."

आई मटार सोलत होती. "लोक मुलींसाठी वशिला शोधत हिंडतात," ती म्हणाली. "आमच्या घरात आयता वशिला, तर तो चहा प्यायला जाणार!"

बाबा हसले. मग चष्मा काढून माझ्याकडे वळले. "शरू, ज्याला आम्ही आत घेतो त्याच्या शब्दावर उद्या एखादी अनोळखी बाई आपलं घर, आपला तुरुंगातला मुलगा सोपवणार असते. म्हणून प्रत्येकाला तेच विचारायचं, सगळ्यांना सारखं. आणि नाही म्हणायचं तर ते आम्हाला परस्पर म्हणता येत नाही. कारणं लिहून आधी दिल्लीच्या मुख्य कौन्सिलचं मत मागवावं लागतं. कोणाला दाराबाहेर ठेवायचं म्हणजे लहान गोष्ट नव्हे." जरा थांबून त्यांनी विचारलं, "शाळेनं राजीनामा मंजूर केला का?"

"करतील."

"पगारी नोकरी असेतो सनद नाही. आणि खरं सांग, चांगली मास्तरकी सोडून वकिली कशाला?"

"खडूची धूळ फार उडते," मी म्हणाले, आणि आईच्या परातीतले मटार उचलले.

सोमवारी पहाटे पंचगंगा घाटावरून स्नान करून येताना बाबा पायरीवर टेकले. लोकांना वाटलं, दम खातायत. ते तिथंच गेले.

तेरावं झाल्यावर शाळेचे मॅनेजर भेटायला आले. जाताना दारात हळूच म्हणाले, "बिटिया, इस्तीफ़ा मेरी दराज़ में पड़ा है। जब तक चाहो, पड़ा रहेगा।"

आईनं ते धरूनच ठेवलं. नव्या वकिलाला पहिली काही वर्षं काय मिळतं, हे वकिलाच्या बायकोला सांगावं लागत नाही. "सनद घे आणि शाळाही ठेव," ती म्हणाली. "कोण बघायला येतंय? आता घरात मिळवणारी तूच." ती चुकीचं बोलत नव्हती. महिनाभर मी राजीनाम्याचं नाव काढलं नाही.

बाबा गेल्यामुळे ती बैठक पुढे ढकलली गेली होती. नव्या तारखेला मी इलाहाबादला गेले. बाहेरच्या बाकावर नुकती मिसरूड फुटलेली पोरं होती, एक निवृत्त तहसीलदार होते, एक जमीनदारी थाटाचे गृहस्थ होते. कोणीही कोणाच्या आधी आत जात नव्हतं. नाव पुकारलं की माणूस कोटाची बटणं चाचपत उठे. देवळात गाभाऱ्यापाशी आपोआप आवाज उतरतो, तसा तिथं सगळ्यांचा उतरला होता. माझ्या लहानपणापासून बाबा जात होते ती जागा ही, आणि मी ती पहिल्यांदा पाहत होते.

आत तिघे होते. बिंदुमाधवकाका, बाबांचे जुने मित्र, त्यांना खांदा दिलेले. माझं नाव उच्चारताच ते उठले. माझ्याकडे न बघता माझ्या शेजारून बाहेर गेले. बाबांच्या जागी आलेले झाशीचे सदस्य मला परके होते. मधले होते विश्वेश्वर पांडे. त्यांनी माझा अर्ज पुढ्यात ओढला.

"आपके पिता नीलकंठजी के साथ बरसों बैठा हूँ," ते म्हणाले. "उन्होंने मुझे कभी घर नहीं बुलाया। कहते थे, किसी दिन बेटी यहाँ आएगी, तब तुम्हें भी उठना पड़ेगा। आपके घर का पानी तक नहीं पिया है, इसलिए बैठा हूँ।"

मी शाळेत शिकत होते तेव्हापासून बाबा माझ्यासाठी इथली एक खुर्ची स्वच्छ ठेवत आले होते, आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

मग पांडेजींनी तहसीलदारांना विचारला असेल त्याच सुरात मला प्रश्न विचारला, "किसी नौकरी में हैं?"

'नहीं' म्हणायला एक शब्द पुरला असता. राजीनामा तर मी दिलेलाच होता.

"हाँ," मी म्हणाले. "इस्तीफ़ा दिया है। मंज़ूर नहीं हुआ।"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मंज़ूरी लेकर अगली बैठक में आइए," पांडेजी म्हणाले. "हमने मना नहीं किया है।"

बाहेर बिंदुमाधवकाका हातात चहाचा मातीचा कुल्हड घेऊन उभे होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. "काय झालं ते मला सांगू नकोस, शरू. अजून काही ठरायचं राहिलं असेल, तर मी ऐकता कामा नये." त्यांचे डोळे भरलेले होते, तरी ते पाठ फिरवून दूर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी शाळेत गेले. माझं नक्की ठरलंय ना, असं मॅनेजरांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मग टेबलाचा खण उघडून राजीनाम्यावर सही केली.

घरी आले तेव्हा आई देवापाशी वाती वळत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे सनदही नाही आणि नोकरीही गेली," ती म्हणाली. कापूस तिच्या मांडीवरून घरंगळला. "एक शब्द गिळला असतास तर दोन्ही राहिलं असतं. तिथं तुझा बाप बघायला बसला होता का? कोणासाठी केलंस हे?"

वकिली कशाला, असं बाबांनी विचारलं तेव्हा जे जिभेवर आलं नव्हतं ते मी मोठ्यानं म्हणाले, पलीकडच्या खोलीतही ऐकू जाईल इतकं मोठ्यानं.

"आई, मला बाबांसारखं व्हायचंय."