कापराची वडी

मी वर्ध्याजवळच्या सेलूच्या मधुकररावांची औषधांची पेटी. सागवानी अंग, पितळी कडी, आत चौसष्ट भोकं आणि प्रत्येक भोकात बोटाएवढी एक बाटली. हल्ली घरात मला ‘कागदाची पेटी’ म्हणतात. मी ऐकून घेते, दुसरं काय करणार?

मला नत्थू सुताराने घडवलं. भोकं पाडता पाडता त्याचा जीव मेटाकुटीला आला. “गुरुजी, एवढे बिळं कायले? उंदरं पोसता का?” असं त्याने विचारलंही. मधुकरराव प्राथमिक शाळेत शिक्षक. होमिओपॅथी ते कलकत्त्याहून टपालाने शिकले, परीक्षा टपालाने दिली, प्रमाणपत्रही टपालानेच आलं. माझ्या तळाला एक चोरकप्पा होता, त्यात ते प्रमाणपत्र जपून ठेवलेलं असायचं.

शाळा सुटली की ते मला ओट्यावर घेऊन बसत. माणसं येत, कोणी तापाने, कोणी खरजेने, कोणी नुसतंच बोलायला. गोळी साबुदाण्याहून लहान, पण तिच्याआधी प्रश्न किती! कोणत्या कुशीवर झोपता, तहान लागते का, रडू कधी येतं. ज्यांना जन्मात कोणी इतकं विचारलं नव्हतं, ती माणसं सांगता सांगताच निम्मी बरी होत. गुण गोळीचा की विचारपुशीचा, हे मला वीस वर्षांत उमगलं नाही. एक मात्र मी पाहिलं आहे. दुखणं हाताबाहेरचं दिसलं की मधुकरराव गोळी देत नसत. “हे माह्या पेटीचं काम नाई, आत्ताच वर्ध्याले न्या,” असं स्पष्ट सांगत आणि स्वतः गाडी जुंपायला लावत. अशी किती माणसं वाचली, त्याची गणती कोणी केली नाही.

पथ्य कडक. कांदा, लसूण, हिंग, कॉफी बंद. उग्र वासाने औषध मरतं, असं ते सगळ्या तालुक्याला सांगत. आणि घरात? घरात वच्छलाबाईंना एवढंच सांगून ठेवलेलं, “पेटीले हात लावू नोको.” का, ते कधी सांगितलं नाही. नवऱ्याच्या वस्तूबद्दल बायकोनेही विचारलं नाही. मास्तर लोकांची ही खोडच असते, साऱ्या गावाला शिकवतील आणि घरचं माणूस राहून जाईल.

कलकत्त्याहून त्यांच्याकडे एक मासिक यायचं. त्यातल्या बातम्या ते ओट्यावर वाचून दाखवत. होमिओपॅथीचं माहेर जर्मनी. विलायतेत पार्लमेंटने तिच्या डॉक्टरांच्या संस्थेला कायद्याने मान दिला. अमेरिकेत मात्र तिची कॉलेजं एकेक करत बंद पडली.

“मंग आपल्या इथं काय हाय, गुरुजी?” जंगलूने एकदा विचारलं. जंगलू गोंड, रानालगतच्या पाड्यावरचा, मजुरी करणारा. पोरगी धुरपता तापली की तिला खांद्यावर घेऊन दोन कोस चालत यायचा.

“इथंही कायदा होऊन राह्यला,” मधुकरराव म्हणाले. त्यांचा चेहरा त्या दिवशी उजळला होता.

कायदा झाला तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. जुन्या वैद्यांनी समितीपुढे हजर व्हायचं, अनुभवाचा पुरावा द्यायचा, मग नाव यादीत. ज्याचं नाव नाही त्याने औषध देऊ नये. मधुकररावांनी पाच गावच्या लोकांचे अंगठे घेतलेलं पत्र तयार केलं आणि प्रमाणपत्रासोबत माझ्या चोरकप्प्यात ठेवलं. वीस वर्षं फुकट औषध दिलेल्या माणसाला एवढंच हवं होतं, की आपण भोंदू नाही हे सरकारने एकदा लिहून द्यावं.

निघायच्या आदल्या दुपारी ते शाळेत होते. एरवी मला हात न लावणाऱ्या वच्छलाबाई प्रवासासाठी मला फडक्यात बांधायला आल्या. भिंतीवर त्यांना वाळवीची ओळ दिसली. त्यांनी कप्पा उघडला, कागद नीट पाहिले आणि देव्हाऱ्यातून कापराच्या चार वड्या आणून, चिंधीत गुंडाळून कागदांवर ठेवल्या. “नवऱ्याचं नाव हाय बाई यात,” असं त्या माझ्याशीच पुटपुटल्या. देवाच्या वस्तूने कोणाचं वाईट होतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

होमिओपॅथीवाल्यांच्या लेखी कापूर म्हणजे सगळ्या औषधांचा काळ. मला ओरडता आलं असतं तर मी त्या दिवशी ओरडले असते.

मधुकररावांना नेमकं पडसं झालं होतं. मांडीवर मला घेऊन ते नागपूरला पोचले, पण नाक चोंदलेलं, वास कळलाच नाही. समितीत तिघे होते. मधल्या गृहस्थांनी कागद मागितले. मधुकररावांनी मला उघडलं आणि सगळी खोली देवळासारखी दरवळली.

“पेटीत कापूर?” त्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं. ते स्वतः जुने होमिओपॅथ होते.

मधुकररावांनी चिंधी उचलली. तिची गाठ पाहिली. वच्छलाबाई गाठ उलटी मारत, ते त्यांना वीस वर्षं ठाऊक होतं. मला वाटलं, आता सांगतील. घरच्यांनी ठेवला म्हणाले असते तर कदाचित ऐकूनही घेतलं असतं.

“माझी चूक झाली,” ते म्हणाले. “ही औषधं आता गेली.”

“पहिल्या धड्यातली चूक आहे, गुरुजी. तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करा.”

घरी वच्छलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “कागद नीट राह्यले ना?”

“एकदम नीट,” मधुकरराव म्हणाले. “यादीत जागा नाई म्हणाले यंदा. पुढं पाहू.”

त्यांनी मला बंद केलं. कायदा म्हणजे कायदा. तीन वर्षांनी अर्ज केला, तेवढ्यात जिल्हा मुंबई राज्यात गेला. अर्ज नागपुरात अडकला की मध्य प्रदेशाच्या नव्या राजधानीत, भोपाळला गेला, कोणी सांगेना. दोनदा पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जंगलू बाजारात भेटला. एकटाच. मधुकररावांनी धुरपताची चौकशी केली.

“गेली ते. आठ दिवस ताप होता.”

“अरे, आणली काऊन नाई माह्याकडं?”

“पेटी बंद हाय म्हणत लोकं. मंग कोणाकडं आणाव?”

हे मधुकररावांनीच घरी येऊन मला सांगितलं, ओट्यावर बसून, माझ्या झाकणावर हात ठेवून. गोळी देऊन ती पोरगी वाचली असती असं मी म्हणत नाही. पण त्यांनी तिचा हात हातात घेतला असता आणि वर्ध्याला न्या म्हटलं असतं. कायद्याने गोळी बंद केली होती, पारखणं नव्हे. ते दोन कोसांवरच्या जंगलूला कोण सांगणार, आणि हे त्यांना स्वतःलाही उशिराच सुचलं.

त्यानंतर ते ओट्यावर बसेनासे झाले. मला माळ्यावर ठेवलं.

तुमच्या गावात असा कोणी ओट्यावर बसणारा असेल तर त्याला विचारत राहा, त्याची पेटी बंद असली तरी जा. माझ्याकडून सांगण्यासारखं एवढंच उरलं आहे.

दर दिवाळीला वच्छलाबाई मला खाली काढतात, पुसतात, कप्प्यात कापराच्या ताज्या वड्या ठेवतात आणि चिंधीला उलटी गाठ मारतात. “पाहा,” त्या म्हणतात, “अजून एका कागदाले वाळवी नाई.” मधुकरराव खाटेवरून मान हलवतात, “तुह्यामुळंच,” म्हणतात, आणि तोंड भिंतीकडे वळवतात.