पॅनेलच्या आतली सही

"कितवा आला रे?" आईने विचारलं.

"पाचवा."

"मघाशीही पाचवाच म्हणालास."

"मघाशी सहावा होता. हलू नकोस, आई."

आई खुर्चीत बसली होती आणि खुर्ची जिन्यात होती. खुर्चीचे पुढचे पाय मुलाने धरले होते, पाठ सुनेने. आठव्या मजल्यावरून निघालेली ही वरात गुडघ्यांच्या डॉक्टरकडे चालली होती.

"गुडघे दाखवायला जायचं तर आधी गुडघे लागतात," आई म्हणाली. "हे बरंय यांचं."

"आई, हसवू नका," मागून सून म्हणाली. "हात सुटेल माझा."

लिफ्ट बंद पडून बारा दिवस झाले होते. तिच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'दुरुस्ती प्रगतिपथावर आहे. आपण दाखवलेल्या सहनशीलतेबद्दल आभारी आहोत.' सहनशीलता कुणी दाखवली नव्हती, दाखवा असं कुणी म्हटलंही नव्हतं. आभार मात्र पहिल्याच दिवशी मानून झाले होते.

खुर्चीचे पुढचे पाय धरून पाठमोरा जिना उतरणारा हा माणूस लिफ्ट मेकॅनिक होता. आपल्या देशात, आपल्या गावात त्याने तेवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या, एका कलेक्टरच्या बंगल्यातलीसुद्धा. कलेक्टर आत अडकला असताना त्याला अर्धा तास गप्पांत गुंतवून सुखरूप बाहेर काढल्याची गोष्ट तो वर्षातून दोनदा तरी सांगायचा. गावात त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणत. इथे त्याच्या ओळखपत्रावर 'सफाई, श्रेणी दोन' असं होतं. देश बदलताना तेवीस वर्षं सामानात बसत नाहीत, हे विमानतळावर त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वजन फक्त बॅगांचं केलं होतं.

म्हणजे दार अगदीच बंद होतं असं नाही. इथे परवाना लागतो आणि परवान्यासाठी परीक्षा असते. परीक्षेला बसण्यासाठी अर्ज, अर्जासोबत सगळी प्रमाणपत्रं, प्रमाणपत्रांची भाषांतरं, आणि भाषांतरं खरी असल्याची प्रमाणपत्रं. दीड वर्ष ही फाईल फिरत होती. शेवटी पुढच्या महिन्याची चौदा तारीख मिळाली. सोबत अटींचा कागद आला. त्यातली नववी अट अशी, की परवाना मिळेपर्यंत उमेदवाराने कोणत्याही उद्वाहक यंत्राला हात लावलेला नसावा. थोडक्यात, पोहता येतं की नाही ते पाण्यात न उतरता दाखवायचं.

तो राहत होता ती इमारत त्याच्याच कामाची इमारत होती. जिने, व्हरांडे आणि गच्चीवरची मशीनरूम झाडायची आणि पुसायची. बादली आणि पोछा ठेवायची जागाही मशीनरूमच. तिथली किल्ली त्याच्या कमरेला असे. यंत्राखालची फरशी पुसण्याइतकी त्याची लायकी होती. यंत्र त्या लायकीच्या हातभर वर होतं.

"अहो, तुम्हाला कळलंय ना काय झालंय ते?" त्या दिवशी डॉक्टरकडून परत आल्यावर, पाठीला शेक देता देता बायकोने विचारलं. ती घरीच शिलाई मशीनवर लोकांच्या पँटी छोट्या-मोठ्या करून द्यायची. इथली भाषाही तीच आधी शिकली. गिऱ्हाईकाच्या कमरेला टेप लावला की माणूस गप्प बसत नाही, त्यामुळे तिची शिकवणी फुकटात झाली.

"आवाजावरून तर वाटतंय, वरची विजेची तार सैल झालीय. रिलेचा खटका पकडतो आणि सोडतो."

"मग?"

"मग काय? दोनदा तक्रारीचा फॉर्म भरला. उत्तर आलं, आपण तज्ज्ञ आहात का? असल्यास परवाना क्रमांक लिहावा."

"आणि कंपनीवाले?"

"ते कुठला तरी पार्ट मागवलाय म्हणे. बोटीने येतोय."

"बाबा, तुम्ही काहीही करू नका हं," अकरा वर्षांची लेक वहीतून डोकं न काढता म्हणाली. "इथे असं चालत नाही." इथे आल्यापासून हे तिचं आवडतं वाक्य झालं होतं आणि वैताग म्हणजे दर वेळी ते खरं निघायचं.

"चौदा तारखेपर्यंत मी झाडूवाला आहे," तो म्हणाला. "झाडूवाल्याला रिलेचं काय?"

हे सगळं ठीक होतं, पण आईचा एक बाक होता.

खाली अंगणात, भिंतीला लागून. अकरा ते एक त्यावर ऊन असायचं. दुसऱ्या मजल्यावरची एक म्हातारी तिथे येऊन बसायची. ती इथलीच. दोघींत एक शब्द समान नव्हता. तरी गेल्या वर्षभरात त्या रोज दोन तास बोलत होत्या. ही सुनेबद्दल, ती बहुधा मुलाबद्दल. कधी एकमेकींच्या औषधांच्या बाटल्या बदलून बघायच्या. परदेशात आईने स्वतःचं असं कमावलं ते एवढंच. लिफ्ट बंद पडल्यापासून ती आठव्या मजल्याच्या खिडकीतून हात हलवायची आणि खालून ती म्हातारी कपाळावर हात धरून वर बघायची. तिला कावळ्याएवढी तरी आई दिसत असेल की नाही, कोण जाणे.

सतराव्या दिवशी लिफ्टवाला जिना पुसत खाली येत होता. चौथ्या मजल्याच्या वळणावर त्याच्या पोछ्यासमोर दोन ओळखीची पावलं आली.

आई पायरीवर बसली होती. एका हातात काठी, दुसऱ्यात बाकावर टाकायच्या चादरीची घडी.

"आई? कधीपासून बसलीस?"

"दहाला निघाले. इथवर आले, मग पाय म्हणाले, पुरे."

एक वाजून गेला होता. "तीन तास? कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. येणारे-जाणारे सगळे थांबले. माफ करा म्हणाले आणि बाजूने गेले. फार सभ्य लोक आहेत रे." तिने घडी मांडीवर नीट केली. "मी म्हटलं, आज शनिवार. तू जिना पुसत पुसत येशीलच."

त्याने तिला पाठीवर घेतलं. चार मजले चढेपर्यंत त्याच्या ओठांवर एकच शब्द होता. तो छापण्याजोगा नाही.

रविवारी दुपारी, सगळी इमारत जेवून सुस्तावलेली असताना, तो मशीनरूममध्ये गेला. मेन स्विच बंद केला, पॅनेल उघडलं. एका स्क्रूखालचं स्प्रिंगचं वॉशर तुटलं होतं आणि तार स्क्रूभोवती नुसती टेकून उभी होती, रांगेत कंटाळलेल्या माणसासारखी. त्याने खिशातून दुसरं वॉशर काढलं. ते बायकोच्या शिलाई मशीनच्या पोटातलं होतं. माप तंतोतंत नव्हतं, पण माप घेण्यात दोघं नवरा-बायको सारखीच पक्की. बसवलं, तार घातली, स्क्रू अर्धा फेरा आवळला.

अर्धा फेरा. त्यासाठी तिकडे बोट समुद्रात होती.

मग त्याने लिफ्ट तीन वेळा रिकामी चालवली, एकदा स्वतः आत उभा राहून. आणि पॅनेल बंद करताना त्याचा हात, त्याला न विचारता, शर्टाच्या खिशातल्या मार्करकडे गेला. त्याच्या उस्तादाची शिस्त होती. यंत्राला हात लावला की झाकणाच्या आत लिहायचं: काय केलं, कधी केलं, कुणी केलं. न लिहिता गेला तर पुढचा माणूस अंधारात चाचपडेल, आणि शिव्या मात्र तुझ्या आईला देईल. तेवीस वर्षांत त्याने एकही झाकण कोरं बंद केलं नव्हतं. त्याने चार ओळी लिहिल्या. मराठीत. खाली सही, जुना बिल्ला नंबर.

घरी येऊन हात धुताना त्याच्या लक्षात आलं, की आपण चोरी करून पावती ठेवून आलो.

तरी पुसायला तो परत गेला नाही. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, "इथे वाचणार कोण?"

मंगळवारी कंपनीची माणसं पार्ट घेऊन आली, तर लिफ्ट चालू. बुधवारी लिफ्टवाल्याला ऑफिसात बोलावणं आलं. 'दुभाषा सोबत आणावा.' दुभाषा म्हणजे बायको. जाताना लिफ्टमध्येच तिने त्याला पढवलं.

"तुम्ही काही बोलायचं नाही. मी सांगेन, देवाचं नाव आहे. आधीच्या कुणी तरी लिहिलं असेल. हे लोक देवाला फार घाबरतात. आपल्या देवाला तर जास्तच, कारण कुठला ते माहीत नसतं."

"आणि सही?"

"तीही देवाचीच."

मॅनेजर सज्जन माणूस होता. त्याने दोघांना बसायला सांगितलं आणि एक फोटो पुढे सरकवला. चार ओळी, सही, नंबर.

"ही आपल्याकडची लिपी असावी असं आम्हाला वाटतं," तो म्हणाला. "काही धार्मिक असेल तर आम्हाला पूर्ण आदर आहे. आम्ही ते पुसणारही नाही. फक्त काय लिहिलंय एवढं कळावं."

बायकोने तोंड उघडलं. देव जिभेच्या टोकावर होता. तेवढ्यात मॅनेजरने एक छोटी प्लास्टिकची पिशवी फोटोशेजारी ठेवली. पिशवीत वॉशर. तिने ते क्षणात ओळखलं. रविवारपासून तिची मशीन खडखडत होती.

"कंपनीच्या अहवालानुसार," मॅनेजर कागद वाचू लागला, "दोन तंत्रज्ञांनी दोन दिवस काम करून उद्वाहक पूर्ववत सुरू केलं. त्यावेळी पॅनेलमध्ये अनधिकृत मजकूर आणि एक अनधिकृत कडी आढळली. कडी काढून टाकण्यात आली."

"काय म्हणतोय?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"म्हणतोय, लिफ्ट कंपनीने चालू केली. दोघांनी. दोन दिवस खपून."

"म्हणू दे."

"अहो, म्हणू दे काय? आणि माझं वॉशर काढून टाकलंय."

तो खुर्चीत पुढे सरकला. "काढलं? त्याजागी काय घातलं?"

तिने विचारलं. मॅनेजरने कागदाच्या दोन्ही बाजू पाहिल्या. तसा उल्लेख नव्हता.

"मग तार पुन्हा सैल होणार," लिफ्टवाला म्हणाला. "पडणार नाही ती, पण थांबेल. दोन मजल्यांच्या मध्ये थांबली आणि आई आत असली तर?" त्याने फोटो स्वतःकडे ओढला. "मी वाचतो, तू सांग."

"चौदा तारीख आहे," ती हळूच म्हणाली.

"मला माहीत आहे."

"दीड वर्ष झालं त्या फाईलला. पुन्हा विचार करा."

"अगं, त्यांना तार दाखवायची तर मी ती पाहिली हे सांगावंच लागेल ना?"

मॅनेजर दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "श्लोक मोठा आहे का?" त्याने आदराने विचारलं.

लिफ्टवाल्याने वाचलं, आणि बायकोने एकेक ओळ त्या भाषेत टेबलावर मांडली, गिऱ्हाईकाच्या मापासारखी, काही न सोडता. "वॉशर तुटलं होतं, तार सैल होती. दुसरं वॉशर घालून आवळली. तीन वेळा रिकामी चालवून पाहिली, एकदा माणूस घालून. पुढच्याने वॉशर महिन्याने तपासावं." मग सही, मग नंबर. आणि शेवटी, तिथे लिहिलेलं नव्हतं तेही तिने सांगितलं: "हा माझा नवरा आहे. याची आई तीन तास तुमच्या जिन्यात बसली होती. तो स्क्रू अर्धा फेरा आवळायचा होता, अर्धा. आणि माझं वॉशर परत पॅनेलमध्ये घाला, नाहीतर मला द्या."

मॅनेजरने सगळं शांतपणे ऐकलं. मग पेनाचं टोपण काढून एकच वाक्य लिहिलं. बायकोला ते उलटं वाचता आलं. 'कर्मचाऱ्याने यंत्राला हात लावल्याचं मान्य केलं.'

"आणि तार?" तिने विचारलं.

"तारेबद्दल," मॅनेजर म्हणाला, "परवानाधारक व्यक्तीने तक्रार केल्यास आम्ही जरूर लक्ष घालू."

दहा दिवसांत पत्र आलं. परीक्षेची तारीख रद्द. तीन वर्षांनी नव्याने अर्ज करता येईल. खाली लिहिलं होतं, 'आपण दाखवलेल्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहोत.' लेकीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मग ती पत्राची घडी घालून बाबांच्या जुन्या प्रमाणपत्रांच्या फाईलमध्ये ठेवून आली. मशीनरूमची किल्ली काढून घेण्यात आली. बादली आणि पोछ्याला जिन्याखाली जागा मिळाली. पॅनेलमधली सही पुसण्यासाठी कंपनीची दोन माणसं आली होती. वॉशर पुरावा म्हणून फाईलला टाचलेलं राहिलं आणि बायकोची मशीन खडखडत राहिली.

लिफ्ट चालू होती. रोज अकराला तो हातातलं काम बाजूला ठेवून आईला खाली पोचवायला जायचा.

त्या दिवशी आठव्या मजल्यावर दोघं आत शिरली. आईने बटण दाबलं. दार लागलं आणि लिफ्ट निघण्याआधी एक बारीकसा वेळ गेला. आईला तो कळलाही नाही. लिफ्टवाल्याने तळहात भिंतीला टेकवला आणि मान कलती केली. वर, छताच्या पलीकडे, रिलेने एकदा पकडलं, सोडलं, पुन्हा पकडलं.

लिफ्ट खाली निघाली.

"आई," तो म्हणाला, "बाकावरचं काय ते या आठवड्यात उरकून घे."

आईने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "किती दिवस?"

त्याने पाचव्या मजल्यापर्यंत ऐकलं. "सहा. फार तर सात."

"नक्की?"

"हो."

आईने मान डोलावली. अंगणात म्हातारी बाकावर आली होती. आईने घडी पसरली, टेकली, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी केली. मग वर गच्चीकडे बोट दाखवून दोन्ही हात पुढे धरले आणि एकेक करत सात बोटं उघडली.

म्हातारीने ती मोजली. एकदा स्वतःच्या बोटांवरही मोजून पाहिली. मग ती बाकाच्या कडेला सरकली, आणि उन्हाचा जास्तीचा तुकडा आईकडे आला.